सातव्या जागेची उडी

निरोप समारंभात मी खोटं बोललो. मुख्याध्यापिकाबाईंनी माईक हातात देऊन विचारलं, "सर, एवढीशी आपली शाळा, आणि फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं आपणच पुढे. काय गुपित आहे, सांगा ना मुलांना." मी म्हणालो शिस्त, मेहनत, पहाटे उठणं. बाईंनी डोळ्याला पदर लावला, शाल-श्रीफळ मिळालं, बटाटेवडे खाऊन मी मीरा रोडला पूनम सागरमधल्या माझ्या घरी आलो. ते सगळं खोटं होतं असंही नाही, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण माईकवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

आमची शाळा उत्तनच्या पट्ट्यात, तारोडीच्या अलीकडे. भाईंदर स्टेशनवरून बस पकडायची, खाडी मागे पडली की हवेला सुक्या मासळीचा वास यायला लागतो, तिथे उतरायचं. मी तिथे पीटीचा मास्तर. मूळचा रत्नागिरीकडचा, वाढलो गिरगावात, खेळलो खो-खो. फुटबॉलला मी नोकरी लागेपर्यंत पाय लावलेला नव्हता. पण गावातल्या पोरांना फुटबॉलचं वेड आणि शाळेत दुसरा कुणी शिकवणारा नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी, या न्यायाने मी कोच झालो.

आता बाहेरच्या माणसाला सांगतो, छोट्या शाळेचा संघ म्हणजे काय. मीरा रोडच्या मोठ्या शाळेत पोरं एवढी की त्यातली अकरा निवडायची. आमच्याकडे निवड नव्हतीच. ज्याला दोन पाय आहेत तो संघात. राखीव खेळाडू एखादाच, तोही बहुधा नाक पुसत असायचा. मोठ्या शाळेत दरवर्षी नवा संघ उभा राहतो, चांगला कोच आला की जिंकतात, कोच गेला की बसतात. आम्हाला ते परवडणारं नव्हतं. आणि मला शिकवता येत नव्हतं, हेही होतंच.

म्हणून मी एक युक्ती काढली. मैदानाला लागूनच बोंबील वाळत घालायच्या वलांड्या होत्या, म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्या. कोळणी दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून काठीवर टांगतात. ते बघूनच सुचलं असेल. मी अकरा जागा ठरवल्या आणि जागेला माणूस नाही, जोडी लावली. आठवी-नववीतला एक मोठा, आणि त्याच्या मागे सहावी-सातवीतला एक छोटा. छोट्याने वर्षभर मोठ्याच्या मागे दोन पावलांवर राहायचं, तो करेल ते करायचं आणि तोंड उघडायचं नाही. मोठा दहावीत गेला की जागा सोडायची, छोट्याने तिथे उभं राहायचं आणि त्याच्या मागे नवा छोटा. मी काहीच शिकवत नव्हतो. पोरंच पोरांना शिकवत होती, तीही न बोलता.

पहिल्यांदा बघणाऱ्याला ते विचित्र वाटायचं. सकाळी समुद्रावरून धुकं आलेलं, अकरा पोरं धावतायत आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्याच चालीने धावणारं त्याहून लहान पोर. कुणी बोलत नाही. बाजूला काठ्यांवर हजारो बोंबील तोंडं उघडी टाकून लटकलेले. एकदा शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले होते, ते पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "गुरव सर, आपण ऑफिसात बसू या का?" चहा होईपर्यंत त्यांनी खिडकीकडे पाठ ठेवली.

माझा दुसरा नियम हजेरीचा. राखीव असा धड कुणी नसल्यामुळे एक पोर बसलं की संघ बसला. म्हणून रोज हजेरीनंतर मी ओरडून विचारायचो, "कुणाला दुखतंय?" आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "नाही, सर!" दुखतंय हा शब्द मैदानावर बोलायचाच नाही. मला त्या आवाजाचा फार अभिमान होता. रस्त्यापर्यंत ऐकू जायचा.

या दोन नियमांवर आम्ही जिंकत गेलो. छोट्या शाळा कशामुळे टिकून जिंकतात, याचं उत्तर एवढंच आहे. तिथे पोरं बदलतात, जागा बदलत नाहीत. हे उत्तर ऐकायला बरं वाटतं. पुढचं ऐकायला वाटत नाही.

वीस-एक वर्षांपूर्वी सातव्या जागेवर नेल्सन होता. सातवी जागा म्हणजे डावीकडून धावणारा, आणि आमच्याकडे पेनल्टी त्यानेच मारायची. पेनल्टीत समोर फक्त गोलकीपर असतो, बाकी सगळे मागे उभे राहून बघतात. नेल्सन शांत पोरगा. बाप बोटीवर, आई मार्थाबाय त्याच वलांड्यांवर बोंबील घालायची. जिल्ह्याच्या स्पर्धेआधी महिनाभर त्याच्या डाव्या गुडघ्याच्या वर सूज दिसायला लागली, तिथे तो सारखी दोन बोटं दाबायचा. मी स्प्रे मारला, क्रेप बँडेज बांधलं. एकदा तो हळूच म्हणाला, "सर, बसलो तरी दुखतं." बसल्यावर दुखणं चांगलं नव्हे, एवढं पीटीच्या मास्तरला कळायला हवं. मला कळलंही असेल. मी म्हणालो, "फायनल होऊ दे. आणि घरी सांगू नकोस, आई खेळू देणार नाही."

फायनलमध्ये पेनल्टी मिळाली. नेल्सन तीन पावलं धावला, मग डावा पाय टेकवायची वेळ आली तेव्हा उजव्याच पायावर एक छोटीशी उडी मारली, डावा अलगद ठेवला आणि किक मारली. त्या उडीला फसून गोलकीपर आधीच झेपावला. बॉल दुसऱ्या बाजूने आत. आम्ही जिंकलो, ढोल वाजले, मी त्याला खांद्यावर घेतलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. परळला हॉस्पिटलात होता. हाडाचा कॅन्सर. पुढच्या पावसाळ्यात गेला. माती द्यायला सगळी शाळा गेली होती. मार्थाबायने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, आणि मीही वलांड्यांच्या बाजूला फिरकलो नाही.

नेल्सनच्या मागचा छोटा विन्सेंट. नेल्सनला माती देऊन तीन आठवडे झाले असतील, आमची पहिली मॅच होती, पेनल्टी मिळाली. विन्सेंट तीन पावलं धावला. डाव्या मांडीवर गुडघ्याच्या जरा वर दोन बोटं दाबली, उजव्या पायावर छोटी उडी मारली, डावा अलगद टेकवला आणि किक मारली. गोल. बाकीची पोरं नाचत होती आणि मी जागचा हललो नाही.

त्याला बाजूला घेऊन विचारलं, "पायाला काय झालंय?"

"काय न्हाय, सर."

"मग उडी कशाला मारलीस?"

"नेल्सन तशीच मारायचा ना. सातव्या जागेची तशीच रीत हाय."

त्याच दिवशी मी ते थांबवू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. पण बॉल आत गेला होता हो. मी म्हणालो, "ठीक आहे, जा." नोकरीत चुका सगळेच करतात, पण ही मी डोळे उघडे ठेवून केली.

विन्सेंटकडून ती उडी पुढच्याकडे गेली, त्याच्याकडून त्याच्या पुढच्याकडे. आणि उडी एकटी गेली नाही. बाकावर बसताना डावा पाय सरळ पुढे ठेवायचा. पायरी चढताना आधी उजवा. किक मारण्याआधी ओठ घट्ट मिटायचे. नेल्सन गेला तेव्हा जन्मलीही नव्हती अशी पोरं गुडघ्याच्या वर त्याच जागी तीच दोन बोटं दाबत होती. मैदानावर मी कितीदा तरी पाठमोऱ्या पोराला "नेल्सन" म्हणून हाक मारता मारता जीभ चावली आहे.

स्टाफरूमच्या भिंतीवर दरवर्षीचे संघाचे फोटो लावलेले होते. एकदा एक नवीन क्लार्क रुजू झाला, मोठा चौकस माणूस. चहाचा कप घेऊन तो एकेक फोटो बघत गेला आणि मला म्हणाला, "सर, हा डावीकडून तिसरा पोरगा किती वर्षं नापास होतोय? सगळ्या फोटोंत आहे." सगळे हसले. मी उठून बघितलं. चेहरे वेगळे होते. पण प्रत्येक फोटोत त्या जागेवरचा पोरगा उजव्या पायावर भार देऊन, डावा किंचित दुमडून, एक खांदा खाली पाडून उभा होता. तो एकच पोरगा होता. त्यानंतर मी स्टाफरूममध्ये त्या भिंतीकडे तोंड करून बसलो नाही.

मीरा रोडच्या एका मोठ्या शाळेचे कोच तर खास ही उडी बघायला आले होते. भारी बूट, गळ्यात शिट्टी, मोबाईलवर सगळं शूट केलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, इस जम्प का सीक्रेट क्या है? हमारे लडके छह महीने से ट्राय कर रहे हैं, डान्स लगता है." मी सांगितलं, आम्ही लहानपणापासून लंगडी खेळवतो, त्याचा परिणाम. त्यांनी लिहून घेतलं. बिचाऱ्यांनी पुढचं वर्षभर पोरांना लंगडी खेळवली असेल. दुखणाऱ्या पायाची चाल दुखण्याशिवाय कशी येणार? पण मग आमच्या पोरांना ती कशी येत होती, या प्रश्नापाशी मी कधी थांबलो नाही.

मार्थाबाय बघायची. पेनल्टीचा सराव सुरू झाला की हातातलं काम टाकून कुंपणापाशी येऊन उभी राहायची. एक हात बांबूवर. पोराने उडी मारली, किक मारली, की वळून परत बोंबलांकडे. इतकी वर्षं एक शब्द नाही. मला वाटायचं, ही मला दाखवायला उभी राहते, की बघ, मी विसरलेली नाही. ती आली की माझी शिट्टी नीट वाजायची नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी सातव्या जागेवर ओंकार होता. रायगडकडचं कुटुंब, गावात भाड्याने राहणारं, बाप टेम्पो चालवायचा. ओंकारची उडी सगळ्यांत सरस. इतकी हुबेहूब की मी घरी बायकोला सांगायचो, असा सातवा इतक्या वर्षांत झाला नाही. सेमीफायनल चार दिवसांवर आली होती आणि निवृत्तीआधी शेवटचा कप हातात घ्यायचा, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

त्या सकाळी सराव चालू असताना कुंपणाचं फाटक वाजलं. मार्थाबाय आत आली. सरळ मैदानाच्या मधून, पोरांच्या जोड्यांमधून चालत माझ्यापर्यंत. हाताला खवले चिकटलेले. पोरं जागच्या जागी थांबली. मला वाटलं, आला तो दिवस.

"सर, ह्या पोराला बसवा," ती ओंकारकडे बोट करून म्हणाली.

मी म्हणालो, "बाय, ती उडी… मी बंद करायला हवी होती. मला माहीत आहे ती कुणाची आहे."

"ते न्हाय सांगत मी. बाकीचे सगले माज्या नेल्सनचं करतात. ह्यो न्हाय करत. ह्याचं सोताचं हाय."

मला कळेना. ती म्हणाली, "बाकीचे पोरं मैदानात लंगडतात आनि घरी जाताना माज्या वलांडीखालून पलतात. ह्यो घरी जाताना बी लंगडतो. रस्त्याला कोन बघत न्हाय तेवा बी. तीन आठवडं झालं, मी बघते."

मी ओंकारला बोलावलं. "ओंकार, दुखतंय?"

"नाही, सर!" त्याने जोरात सांगितलं. आणि मी विचारलं म्हणून बाकीच्या एकवीस पोरांनीही सवयीने सांगितलं, "नाही, सर!" तो आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. मला तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकू आला.

मार्थाबाय त्याच्यासमोर उकिडवी बसली. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू विचारलं, "रातचा दुकतंय का रे, बाला?" ओंकारचे ओठ मिटलेले होते, ते थरथरायला लागले आणि तो रडायला लागला. पाय गरम लागत होता. अंगातही ताप होता.

"अरे, मग सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

तो म्हणाला, "सर, मला वाटलं दुखायचंच असतं. माझ्या पुढचा दादा म्हणाला होता, सातव्या जागेवर इथेच दुखतं. म्हणून तर बोटं दाबायची."

त्याच्या बापाला फोन केला, त्याच्याच टेम्पोतून आम्ही हॉस्पिटलात गेलो. हाडात पू झाला होता. डॉक्टर पोरगेलेसे होते, पण त्यांनी मला चांगलंच झापलं. अजून दहा-पंधरा दिवस काढले असते तर पाय ठेवता आला नसता, म्हणाले. नेल्सनचा आजार वेगळा, ओंकारचा वेगळा. लपवायची रीत मात्र एकच, आणि ती मी शिकवलेली. आमच्या पोरांना लंगडायला इतकं छान शिकवलं होतं की खरंच लंगडणारं पोर आम्हाला ओळखता आलं नाही.

ओंकारचं ऑपरेशन झालं. पाय वाचला. सेमीफायनल आम्ही हरलो, चार गोलांनी. हरल्यावर दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा कुंपणाच्या पलीकडे गेलो. मार्थाबाय बोंबील जोडत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "बाय, नेल्सनला मीच म्हणालो होतो, घरी सांगू नकोस."

तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय. त्यानं सांगितलेलं मला."

"सांगितलं होतं?"

"सगलं सांगायचा तो. मीच रातचं तेल चोलायची. मी बी म्हटलं, फायनल होऊ दे. पोराचा एवडा जीव त्यात." तिने एक जोडी काठीवर टाकली. "मला वाटायचं, तुमाला ते कललंय. म्हनून तुमी हिकडं येत न्हाय."

वीस वर्षं आम्ही एका कुंपणाच्या दोन बाजूंना उभे होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा आपल्याला दोष देतोय. मला खाली बसावंसं वाटलं, बसलो. ती पुढे म्हणाली, "ती उडी बंद करा आता."

मी म्हणालो, "पण बाय, तुम्ही ती बघायला येता."

"येते. पन माजा पोरगा मेलाय, सर. मला ठाऊक हाय ते. ह्या पोरांना त्याचं दुखनं कशाला?"

बंद करायला सांगणं सोपं होतं. मी जोड्या मोडल्या नाहीत, फक्त सातव्या जागेच्या नव्या पोराला सांगितलं, सरळ धाव आणि मार. त्याने मान डोलावली. तीन पावलं धावला आणि तिथे थांबला. पाय पुढे जाईना. माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, पायच थांबतो." आजही थांबतो. उडी नाही मारत, पण तिसऱ्या पावलानंतर एक क्षण जातो. आता ती शाळा पेनल्टी चुकवते, आणि बघणारे म्हणतात, गुरव सर गेले आणि संघ बसला. म्हणू देत.

निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात मी हजेरी घेत होतो. मार्थाबायला मीच बोलावलं होतं. मी विचारलं, "कुणाला दुखतंय?" उत्तर आलं, "नाही, सर!" मग ती रांगेत शिरली. प्रत्येकासमोर थांबायची, गुडघ्यावर हात ठेवायची, हळू विचारायची आणि उत्तर येईपर्यंत हलायची नाही. पहिली दोघं-तिघं नाहीच म्हणाली. मग एक म्हणाला, अंगठा ठणकतोय. एकाचा बूट चावत होता. एकाचा दात. एक म्हणाला, घरी पप्पा मारतात तिथे. अर्धा तास गेला, सराव झालाच नाही.

शेवटच्या पोरानंतर ती माझ्यासमोर आली. सकाळची वेळ, धुकं अजून होतं, आणि रांगेतली सगळी पोरं माझ्याकडे बघत होती.

"आनि तुमाला, सर?"

"नाही," मी जोरात म्हणालो. तोंडातून तेच निघालं.

ती हलली नाही. खाली बघत होती. मी तिच्या नजरेमागे बघितलं. माझा भार उजव्या पायावर होता, आणि डाव्या गुडघ्याच्या वर माझी दोन बोटं दाबलेली होती. कधीपासून ते मला माहीत नाही.

"दुखतंय," मी म्हणालो.

ती म्हणाली, "हां. मग बसा जरा." मी पोरांसमोरच जमिनीवर बसलो.